फाटकापासून चौथ्या मजल्यापर्यंत : पुण्यातील गृहरचना संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पुणे शहर व परिसरातील सहकारी गृहरचना संस्थांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

विषय : हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणे ओळखणे, सीपीआरचे (म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचे) प्रशिक्षण आणि रुग्णवाहिकेसाठी फाटकाचे नियम हे विषय यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेण्याबाबत.

महोदय / महोदया,

कोथरूडमधील ५६ सदनिकांच्या एका संस्थेचा मी नऊ वर्षे सचिव होतो. त्या काळात मी काढलेल्या परिपत्रकांची फाईल अजून माझ्याकडे आहे. पाणीकपात, ओला कचरा, गच्चीवरची वाळवणे, जिन्यात ठेवलेल्या चपलांचे स्टँड असे सगळे विषय तिच्यात आहेत आणि त्यांतच एक परिपत्रक असे आहे : "संस्थेच्या आवारात येणाऱ्या कोणत्याही बाहेरील वाहनाची वहीत नोंद केल्याशिवाय व संबंधित सदनिकाधारकाची इंटरकॉमवरून परवानगी घेतल्याशिवाय फाटक उघडू नये. या नियमास अपवाद नाही." खाली माझी सही आणि संस्थेचा शिक्का आहे. दोन सायकली आणि गॅसचे एक सिलिंडर चोरीला गेल्यानंतर ते निघाले होते आणि शेवटचे वाक्य मी मुद्दाम घातले होते. सभेत त्यावर बाकेही वाजली होती. त्या वाक्याबद्दल मला आपल्याशी बोलायचे आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी चौथ्या मजल्यावरचे आमचे एक शेजारी दुपारपासून अस्वस्थ होते. वय ६१, रोज फिरायला जाणारे, आठवड्यातून दोनदा पर्वतीच्या पायऱ्या चढणारे. त्यामुळे छातीत जळजळते आहे म्हटल्यावर सगळा दोष आदल्या संध्याकाळच्या भज्यांवर गेला. त्यांनी आधी सोडा घेतला, मग ॲसिडिटीची गोळी घेतली, मग पत्नीने ओवा चावायला दिला. पंखा पाचवर असूनही त्यांचा बनियन पाठीला चिकटला होता, हे त्या माउलीने मला नंतर सांगितले. डावा खांदा भरून आला आहे, असे ते म्हणाले तेव्हा खांद्याला बाम लागला. असे जवळजवळ अडीच तास गेले. तीन वाजून गेल्यावर ते पाणी प्यायला उठले आणि सोफा व टीपॉय यांच्या मधल्या जागेत कोसळले.

मी पोहोचलो तेव्हा त्या खोलीत आम्ही सातजण झालो होतो. त्यांत एक निवृत्त अभियंता होते, एक प्राध्यापिका होत्या, घरून काम करणारे दोन तरुण होते. शिक्षणाची वानवा नव्हती. एकाने तोंडावर पाणी मारले, एकाने चमच्याने तोंडात पाणी घालून पाहिले, दोघे तळपाय चोळू लागले, कोणीतरी कांदा फोडून आणला. मी १०८ क्रमांक लावून पत्ता सांगितला आणि मग त्यांच्याजवळ बसून मोठ्याने म्हणालो, "श्वास चालू आहे, घाबरू नका." श्वास म्हणजे काय, तर दर आठ-दहा सेकंदांनी घोरल्यासारखा एक आचका येत होता, तोंड उघडत होते आणि पुन्हा सगळे शांत होत होते. ते श्वसन नव्हते. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटे असे आचके येऊ शकतात आणि ते दिसले की थांबायचे नसते, तर तत्काळ छाती दाबायला घ्यायची असते, हे मला पाच महिन्यांनी कळले. त्या दुपारी आम्हा सातांपैकी एकाचाही हात त्यांच्या छातीला लागला नाही.

सचिव या नात्याने सीसीटीव्हीचे चित्रण नंतर मीच पाहिले. रुग्णवाहिका फाटकाबाहेर थांबली ती ३ वाजून १९ मिनिटांनी, आणि तिच्यातले दोघेजण जिन्याच्या तोंडाशी पोहोचले ते ३ वाजून २६ मिनिटांनी. मधल्या सात मिनिटांत काय झाले, ते कॅमेऱ्यात स्वच्छ दिसते. पहारेकऱ्याने वही पुढे केली. तो नवा होता, प्रामाणिक होता, आणि 'अपवाद नाही' हे त्याला पाठ होते. त्याने चौथ्या मजल्यावर इंटरकॉम लावला, पण त्या गोंधळात तो कोणालाच ऐकू आला नाही. मग वळणावर आडवी लावलेली एक गाडी हलवण्यासाठी तिच्या मालकाचा शोध झाला. मग कळले की आमच्या चार माणसांच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. शेवटी त्यांना चादरीत घालून जिन्याने खाली आणावे लागले.

ते वाचलेच असते, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण वहीत ती ओळ आजही आहे : वाहन क्रमांक, कोणाकडे, आत येण्याची वेळ, आणि 'काम' या रकान्यात पहारेकऱ्याच्या अक्षरात 'पेशंट'.

आपल्या वर्तमानपत्रांतल्या निधनवार्तांत 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने' हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे, की त्याखाली दोन वेगळ्या घटना झाकल्या जातात. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकते आणि स्नायूचा तेवढा भाग रक्तावाचून मरू लागतो, तो हृदयविकाराचा झटका. या अवस्थेत माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, उठून पाणी पितो, आणि आपल्याला काही झालेले नाही असे घरच्यांना पटवूनही देतो. दुसरी घटना हृदय बंद पडण्याची. हृदयाच्या विद्युतलयीत बिघाड होतो, ते आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागते, मेंदूला रक्त जाणे थांबते आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. पहिल्या घटनेतून दुसरी केव्हाही उद्भवू शकते. आमच्या शेजाऱ्यांच्या बाबतीत पहिलीला अडीच तास मिळाले होते आणि दुसरीला मोजकी मिनिटे. अडीच तास आम्ही ओव्यात घालवले, मिनिटे वहीत.

ही पहिली अवस्था ओळखणे अवघड का जाते, यावर मी बराच विचार केला. एक कारण मला आपल्या बोलण्यातच दिसते. पडद्यावर माणूस छाती धरून कोसळतो म्हणून आपण 'छातीत दुखतंय' या शब्दांची वाट पाहत बसतो. प्रत्यक्षात रुग्ण क्वचितच तसे म्हणतो. तो म्हणतो, "दडपल्यासारखं होतंय", "छाती आवळल्यासारखी वाटते", "गॅस वर चढलाय", "हात जड झालाय", "जबडा का ठणकतोय कळत नाही", "एकदम गळून गेलोय". कळ डाव्या हातातच जाते असेही नाही. ती दोन्ही हातांत, मानेत, पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकते. सोबत धाप, मळमळ किंवा गार घाम असेल, आणि ही तक्रार काही मिनिटांत विरली नाही किंवा जाऊन पुन्हा आली, तर ती हृदयाचीच आहे असे धरून चालावे. चूक ठरलीच तर एक फेरी वाया जाईल, इतकेच. स्त्रिया, मधुमेही आणि वयोवृद्ध यांच्या बाबतीत छातीतली कळ मुळीच नसू शकते, नुसता थकवा किंवा धाप असते, म्हणून तिथे अधिक जागरूक राहावे लागते. आणि 'अजून पन्नाशीही नाही' हा दिलासा आपल्याकडे फार टिकत नाही. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका येण्याचे मध्यक वय ५३ आढळले. इतरत्र ते जवळजवळ ५९ होते.

अशा वेळी रुग्णाला चालवू नये, जिना उतरवू नये, त्याला टेकून बसते करावे आणि १०८ ला फोन करावा. २०१४ पासून महाराष्ट्रात चालू असलेली ही सेवा विनामूल्य आहे. ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटातला रक्तस्राव असे काही नसेल, तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला सांगितली जाते, पण ते फोनवरच्या किंवा घरच्या डॉक्टरांना विचारून. शेजारच्या आजोबांकडची जिभेखाली ठेवायची गोळी मात्र आपल्या मनाने देऊ नये. रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर ती तो आणखी उतरवते. पुण्यात एक खास धोका आहे आणि तो आपल्या सगळ्यांच्या पार्किंगमध्ये उभा आहे. 'इथेच तर आहे दवाखाना' म्हणत रुग्णाला स्कूटरवर मागे बसवून नेण्याची आपल्याला फार सवय. वाटेत सिग्नलला हृदय बंद पडले, तर मागचा माणूस आणि चालवणारा दोघेही रस्त्यावर असतात, आणि छाती दाबायला कोणी मोकळे नसते. रुग्णवाहिकेला खरोखरच फार उशीर लागणार असेल, तर चारचाकीतून, चालवणारा वेगळा आणि रुग्णाशेजारी बसणारा वेगळा, असे जावे, आणि जिथे २४ तास अँजिओप्लास्टीची सोय आहे अशाच रुग्णालयात जावे. आपल्या संस्थेला असे सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे समितीने एकदा चौकशी करून फलकावर लिहून ठेवले तर ऐनवेळचा वाद वाचतो. आणखी एक गोष्ट : पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी परत आलेली माणसे मी पाहिली आहेत. पहिला ईसीजी नॉर्मल असू शकतो. तक्रार चालू असेल तर तो काही वेळाने पुन्हा काढावा लागतो आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे का हे दाखवणारी रक्ताची ट्रोपोनिन चाचणीही करावी लागते, हे घरच्या माणसांनी नम्रपणे पण स्पष्ट विचारावे.

आता दुसऱ्या अवस्थेकडे येतो.

त्या घटनेनंतर पाच महिन्यांनी आमच्या संस्थेच्या सभागृहात एका भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी विनामूल्य वर्ग घेतला. २३ जण आले होते. सतरंजीवर गुडघे टेकून, कमरेपर्यंतच्या एका पुतळ्यावर आम्ही छाती दाबायला शिकलो. या पुतळ्याची हकीकत डॉक्टरांनी सांगितली, ती मला विसरता येत नाही. १९६० मध्ये नॉर्वेच्या आस्मुन्ड लार्डाल या खेळणी बनवणाऱ्या गृहस्थांनी तो पहिल्यांदा घडवला, आणि त्याला चेहरा दिला तो पॅरिसच्या सीन नदीत बुडाली असे म्हणतात त्या एका अनामिक मुलीच्या मुखवट्याचा. जिचे नाव कोणाला ठाऊक नाही, तिच्या चेहऱ्यासमोर बसून जगभरची माणसे जीव वाचवायला शिकली. त्याच वर्षी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता, बाहेरून दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येते असे दाखवून दिले आणि यासाठी दोन हातांपलीकडे काही लागत नाही, असे लिहून ठेवले. या गोष्टीला आता साठ वर्षे उलटून गेली, आणि तरीही आमच्या सातजणांच्या चौदा हातांना ती माहीत नव्हती.

कृती सांगतो, पण वाचून शिकण्याची ही गोष्ट नाही. खांद्यावर थोपटून मोठ्याने हाक मारावी. प्रतिसाद नाही आणि नीट श्वास नाही, किंवा मघाशी सांगितलेले आचके आहेत, तर एकाने फोन स्पीकरवर टाकून १०८ लावावा आणि दुसऱ्याने सुरुवात करावी. रुग्ण कठीण जमिनीवर उताणा हवा. छातीच्या मध्यभागी, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात, कोपरे सरळ, खांदे हातांच्या बरोबर वर. मग कमरेतून वजन टाकत छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल इतके दाबायचे, आणि प्रत्येक वेळी ती पूर्ण वर येऊ द्यायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा. पाच सेंटिमीटर म्हणजे किती, हे पुतळ्यातून 'टक्' असा आवाज येईपर्यंत कळत नाही. आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या हाताखाली पुतळा पहिल्यांदा मुकाच राहिला, कारण आपण दुखवत आहोत असे वाटून हात आखडत होते. मोजण्याची एक गंमत सांगतो. मराठीत दहापर्यंत लय जमते, पण अकरा-बारानंतर शब्द लांबतात आणि 'एकोणतीस' म्हणेपर्यंत हातही रेंगाळतो, म्हणून डॉक्टरांनी आम्हाला एक ते दहा हेच पुन्हा पुन्हा म्हणायला लावले. मी ६६ वर्षांचा आहे. दीड मिनिटात माझा दम संपला. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो, आणि बदलताना काही सेकंदांहून अधिक खंड पडू द्यायचा नसतो.

तोंडाने श्वास देण्याच्या कल्पनेने पुष्कळजण मागे सरतात. मोठ्या माणसाचे हृदय अचानक बंद पडले असता, प्रशिक्षण नसलेल्यांनी नुसती छाती दाबत राहणे पुरेसे मानले जाते; भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य नागरिकांसाठी केलेली 'कोल्स' ही पद्धत याच तत्त्वावर आहे. लहान मुले आणि बुडालेली माणसे यांच्या बाबतीत मात्र श्वासाचीही गरज असते आणि ते वर्गात वेगळे शिकवतात.

त्या वर्गात सर्वांत खणखणीत 'टक्-टक्' आवाज काढला तो लातूरकडून आलेल्या आमच्या पहारेकऱ्याने. पण सर्वांत खरा प्रश्नही त्यानेच विचारला. "साहेब, मालकाच्या छातीला हात लावला, बरगडी मोडली, अन् माणूस गेला, तर मला कामावरून काढतील का आत टाकतील?" सभागृहात कोणी हसले नाही. बरगडी मोडू शकते, हे खरे आहे. मोडकी बरगडी जुळते, बंद हृदय जुळत नाही. कायद्याचे म्हणाल तर रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या ३० मार्च २०१६ च्या निकालाने आणि पुढे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने संरक्षण दिले आहे. आपल्या आवारातला प्रसंग त्या कलमात बसत नाही, पण संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चे, म्हणजे जुन्या दंडसंहितेच्या कलम ९२ चे, काही अटींसह संरक्षण आहे. त्याला आत टाकणार नाहीत, हे मी सांगू शकलो. कामावरून काढणार नाहीत, हे मात्र कायद्याने नव्हे, तर समितीने सांगायला हवे होते, आणि माझ्याजवळ तसा एकही कागद नव्हता. म्हणून माझी आपल्याला पहिली विनंती ही आहे की सुरक्षा एजन्सीबरोबरच्या करारात एक कलम घालावे : आणीबाणीत सद्भावनेने केलेल्या प्रथमोपचाराबद्दल कोणाही पहारेकऱ्यावर संस्था वा एजन्सी कारवाई करणार नाही. याला पैसा लागत नाही. आणि एजन्सी दर काही महिन्यांनी माणसे बदलते, तेव्हा वर्षातून एकदा वर्ग घेऊन भागणार नाही. तसेही हे कौशल्य सरावाविना काही महिन्यांतच बोथट होते.

दुसरा महत्त्वाचा प्रश्न एका मावशींचा होता. आपल्या संस्थांमधली दुपार कशी असते, हे मी आपल्याला सांगायला नको. मुले हिंजवडीला किंवा परदेशी, नातवंडे शाळेत, आणि घरात ऐंशीच्या आसपासचे आजोबा किंवा आजी व त्यांच्या सोबतीला ब्युरोकडून आलेल्या मावशी. त्यांनी विचारले, "बिछान्यावरच दाबायचं का खाली घ्यायचं? आणि मी एकटीनं खाली कसं घ्यायचं?" गादीवर दाबले तर गादीच दबते, छाती दबत नाही, म्हणून खाली घ्यायला हवे, अंगाखालच्या चादरीला धरून, डोके सांभाळत सरकवत घेता येते, हे डॉक्टरांनी त्यांच्याकडून तिथल्या तिथे करून घेतले. त्याआधी दार उघडे टाकायचे आणि फोन स्पीकरवर ठेवायचा. आमच्या संस्थेच्या नियमांत या मावशींची ओळख आजवर 'कामगारांसाठीची लिफ्ट' आणि 'पोलीस पडताळणी' एवढ्या दोनच ठिकाणी होती. वास्तविक दुपारी बारा ते सहा या वेळात पहिला हात त्यांचाच पोहोचणार आहे. अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याच्या दर दहा घटनांपैकी सुमारे सात घरात घडतात. मावशींची उपस्थिती या वर्गाला हवीच, तीही त्यांचा खाडा न धरता. स्त्रीरुग्णाच्या छातीला हात लावायला बघे कचरतात, असेही अभ्यासांत दिसून आले आहे. त्या दृष्टीनेही शिकलेल्या स्त्रिया आवारात जितक्या अधिक तितके बरे.

याच विषयावर आमच्या सभेत एका ८४ वर्षांच्या सभासदांनी उठून सांगितले की आम्हाला आता शांतपणे जाऊ द्या, आमच्या छातीवर बसू नका. त्यांचे म्हणणे थट्टेवारी नेण्यासारखे नाही. असा निर्णय घेण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात मान्य केला आहे आणि तो आपल्या डॉक्टरांशी व कुटुंबाशी बोलून, रीतसर लिहून ठेवता येतो. तो जिन्यात जमलेल्या लोकांनी किंवा फाटकावरच्या पोराने घ्यायचा नसतो, एवढेच मी त्यांना म्हणालो.

प्रशिक्षणाने खरोखर फरक पडतो का, असे आपले खजिनदार विचारतील आणि त्यांनी विचारावेच. डेन्मार्कने २००५ च्या सुमारास शाळांत आणि वाहन परवान्यासाठी हे प्रशिक्षण सक्तीचे केले, हृदयाला विजेचा झटका देणारी एईडी यंत्रे ठिकठिकाणी बसवली, रुग्णालयांतले उपचारही सुधारले. तिथे २००१ मध्ये हृदय बंद पडलेल्या दर शंभरांपैकी सुमारे २१ जणांना आसपासच्या लोकांकडून सीपीआर मिळत असे, २०१० मध्ये हे प्रमाण सुमारे ४५ झाले. आणि महिन्यानंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून जवळपास अकरा टक्क्यांवर गेले. म्हणजे सगळे नीट करूनही शंभरांतले ८९ गेलेच. हे मी लपवत नाही, कारण एकदा प्रयत्न फसला की 'काही उपयोग नसतो' असे म्हणून वर्ग बंद करणारी समिती मला दिसते आहे. पण साडेतीनाचे अकरा होणे म्हणजे काय, ते त्या मधल्या घरांना विचारावे.

एईडी म्हणजे छातीला दोन पट्ट्या चिकटवल्यावर हृदयाची लय स्वतः तपासणारे आणि गरज असेल तरच विजेचा झटका देणारे यंत्र. ते बोलून सूचना देते आणि झटक्याची गरज नसेल तर बटण दाबूनही देत नाही. हृदय थरथरत असताना झटक्याविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते, आणि छाती दाबत राहिले तर ही घसरण मंदावते. म्हणून दोन्ही लागतात. यंत्राची किंमत साधारण लाखाच्या घरात जाते, शिवाय पट्ट्या आणि बॅटरी मुदत संपली की बदलाव्या लागतात. मोठ्या टाउनशिपने ते घ्यावे, असे माझे मत आहे. वीस सदनिकांच्या संस्थेने शेजारच्या दोन-तीन संस्थांबरोबर मिळून घ्यावे, आणि तेही जमत नसेल तर त्यासाठी प्रशिक्षण अडवून धरू नये. घेतलेच, तर ते समिती कार्यालयाच्या कुलपात ठेवू नये. आमच्याकडचा अग्निशामक नळकांडा वर्षभर मीटर रूममध्ये कुलूपबंद होता आणि किल्ली अध्यक्षांकडे, अध्यक्ष कोकणात. खर्चाच्या शीर्षाविषयी एक सावधगिरी : देखभालीच्या बिलातला 'शिक्षण व प्रशिक्षण निधी' सहकार शिक्षणासाठी असतो, त्यात हात घालू नये, सर्वसाधारण सभेपुढे हा खर्च वेगळा मांडून मंजूर करून घ्यावा.

फाटकाविषयी मी आधी सांगितले आहेच. नवे परिपत्रक काढावे, रुग्णवाहिका दिसताच फाटक उघडावे, नोंद ती परत जाताना करावी, एकाने लिफ्ट तळमजल्यावर धरून ठेवावी, एकाने गाडी वळवण्याची वाट मोकळी करावी. जुन्या इमारतींत स्ट्रेचर मावत नसेल तर एक घडीची, पट्टे असलेली खुर्ची जिन्याखाली ठेवावी. वर्षातून एकदा याची तालीम करावी आणि घड्याळ लावावे. आम्ही पहिल्या तालमीला फाटकापासून चौथ्या मजल्यापर्यंत चार मिनिटे दहा सेकंद घेतले, तिसऱ्या तालमीला एक मिनिट पन्नास.

आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, आपल्याला वार्षिक सभा घ्यावी लागते, आणि २९ सप्टेंबर हा जागतिक हृदय दिन असतो. रंगकाम आणि पार्किंग यांवरून सभा रात्री अकरापर्यंत जाते, हे मला ठाऊक आहे. म्हणून हा विषय त्यांच्या आधी घ्यावा, अशी विनंती आहे. आपली सोय व्हावी म्हणून ठरावाचा मसुदा जोडतो :

"ठराव : संस्थेतील पहारेकरी, सफाई कर्मचारी, घरकाम व रुग्णसेवा करणाऱ्या व्यक्ती आणि इच्छुक सभासद यांच्यासाठी दर सहा महिन्यांनी पुतळ्यावरील प्रत्यक्ष सरावासह सीपीआरचा वर्ग घ्यावा. रुग्णवाहिका व अग्निशमन वाहनांना फाटकावर नोंद व परवानगी यांतून सूट द्यावी. यापूर्वीचे विसंगत परिपत्रक रद्द समजावे. आणीबाणीत सद्भावनेने केलेल्या प्रथमोपचाराबद्दल कोणाही कर्मचाऱ्यावर कारवाई होणार नाही, असे लेखी पत्र समितीने प्रत्येक कर्मचाऱ्यास त्याला कळेल अशा भाषेत द्यावे."

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक माजी सचिव
कोथरूड, पुणे

ता. क. : आज रात्री फोनवरच्या नकाशात आपल्या संस्थेचे नाव टाकून पाहावे आणि खूण कोणत्या फाटकावर उमटते ते बघावे. आमची खूण मागच्या गल्लीतल्या फाटकावर होती, आणि त्या फाटकाला २०१७ पासून कुलूप आहे.